पारसिकच्या उघड्या उतारावर कोणते गवत? गवताच्या इतिहासाचा एक धागा

१/ दिघ्यातून पारसिकच्या रांगेकडे पाहिले की दगडखाणींनी सोललेले उतार दिसतात. ते पुन्हा हिरवे करायचे तर काय पेरावे? उत्तराचा मोठा भाग इतिहासात सापडतो.

२/ शिवछत्रपतींचे चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र अनेकांनी वाचले असेल. पावसाळाभर वैरण पुरवून वापरा, दिव्याची वात उंदराने नेली तर गंजी पेटतील, असा इशारा त्यात आहे. घोडदळावर उभ्या राज्याला गवत हे दारूगोळ्याइतकेच मोलाचे होते. म्हणूनच कुरणे राखली जात.

३/ ठाणे जिल्ह्यात अशा डोंगरउताराच्या जमिनीला ‘वरकस’ म्हणत. नाचणी, वरी, राबासाठी पालापाचोळा आणि गवत तिथूनच येई. तिला ‘पडीक’ म्हणणे हे अज्ञान आहे.

४/ गवतामागे माणसेही होती. १९४५ साली याच जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारली आदिवासींनी वेठबिगारी झुगारली आणि ५०० पौंड गवतकापणीला अडीच रुपये मजुरी मागितली. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले.

५/ आता निवडीकडे वळू. १९७३ च्या ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ या ग्रंथात दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. थंड हवेतील गवते हिमालयाच्या उंचीवरची. आपल्या द्वीपकल्पाचा प्रकार ‘सेहिमा-डायकँथियम’, म्हणजे शेडा आणि मारवेल यांच्या कुळाचा.

६/ याचे कारण सरळ आहे. राईसारखे गवत थंडीत वाढते आणि त्याच काळात त्याला ओलावा लागतो. आपला पाऊस उष्ण महिन्यांत पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणून मुरमाड उतारावर डोंगरी गवत, हलक्या मातीत शेडा आणि माती साचलेल्या सखल जागी मारवेल घ्यावे. कुसळी आपोआप येते. पण पिकल्यावर तिची कुसळे गुरांच्या तोंडाला टोचतात.

७/ बी पावसाळ्यानंतर जवळच्याच डोंगरावरून गोळा करावे. ताजे बी बहुधा सुप्त असते, म्हणून ते उन्हाळाभर साठवून पहिल्या पावसावर पेरावे. ते ओल्या मातीत मिसळून फेकावे, खोल गाडू नये. मारवेलचे ठोंबही लावता येतात. पहिल्या वर्षी चराई बंद ठेवावी.

८/ १९२५ साली पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांनी कुलकर्णी व गोडबोले या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील गवताळ रानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानाला आळीपाळीने विश्रांती दिली की चांगले गवत परतते, हा त्यांच्या कामाचा धडा आजही लागू आहे.

९/ तेव्हा पारसिकवर बी टाकण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात : गवत कापणार कोण आणि गुरे चारायची कधी. कुरण राखणाऱ्यांनी हे आधी ठरवले, म्हणून त्यांची कुरणे टिकली. १९४५ साली पहिला प्रश्न मालकांनी एकट्यानेच सोडवू पाहिला, त्याची किंमत कोणी मोजली हे आपण वर पाहिलेच.