परभणीत घटना कशी आली

'बनी तो बनी, नही तो परभनी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. घटना आपल्याकडं कशी आली ते बघताना मला हीच म्हण आठवते.

डिसेंबर १९४६ मध्ये दिल्लीत घटना समिती बसली. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मूलभूत हक्कांवर, अस्पृश्यता गाडणाऱ्या कलमावर तिथं चर्चा झाली तेव्हा आपल्या मुलखाचा एकही प्रतिनिधी हजर नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तरी पुढंही कुणी गेलं नाही. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामानं फर्मान काढलं की भारताची घटना तीच हैदराबादची घटना. म्हंजे ज्या घटनेनं रयतेचा नागरिक केला, ती परभणीला आली राजाच्या फर्मानातून! १९५२ ला आपल्या आज्यापंज्यांनी पहिल्यांदा मत टाकलं.

ते संस्थान म्हंजे नाना भाषांचा, नाना धर्मांचा मुलूख. वरंगळला तेलुगू, रायचूरला कन्नड, परभणीला मराठी आणि कचेरीत सगळीकडं उर्दू. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात मात्र दोनच माणसं दिसतात, हिंदू आणि मुसलमान. गावकुसाबाहेरचा माणूस कुठं होता? तो वेठबिगारीत होता. त्याला दोन्हीकडून ओढणं चाललं होतं. बी. एस. व्यंकटराव तर निजामाच्या मंत्रिमंडळातच जाऊन बसले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावलं, जीव वाचवायचा सोपा मार्ग म्हणून धर्म बदलू नका, आणि निजामाची बाजू तर मुळीच घेऊ नका.

रझाकारांचे जुलूम आपण भाषणातून सांगतो. पण पोलीस ॲक्शननंतर काय झालं? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड आहे. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं दडपून ठेवला. रझाकाराच्या गुन्ह्याची शिक्षा साध्या शेतमजुराला, विणकराला झाली. हे सांगायला आपली जीभ का अडखळते? हक्क फक्त आपल्यापुरते मागितले तर ते हक्क कसले, ती सवलत झाली.

कारण पुढची पाळी आपलीच होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातल्या वस्त्याही त्यातून सुटल्या नाहीत. घटना येऊन २८ वर्षं झाली होती. एका नावासाठी घरं जळाली, आणि नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या १६ वर्षांत जो तो आपल्यालाच सांगायचा, शांतता राखा, सलोखा ठेवा. घर जाळणाऱ्याला हे कुणी सांगितलं? दंगल झाली की शांतता कमिटी बसते आणि मार खाल्लेल्यालाच पुढं बसवते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुता ही स्वातंत्र्य आणि समतेसोबत सांगितली, त्यांच्या बदल्यात नाही. आपल्या पुढाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. सोयीचं नाही एवढंच.

१० डिसेंबर २०२४ ला परभणी स्टेशनासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची काचेतली घटनेची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, मग पोलीस वस्त्यांत शिरले, घराघरातून माणसं उचलली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. आपल्यातल्या काहींना घटना एका जातीची वाटते, त्यांनी हे नीट वाचावं. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ३० जुलैला तिथंही ती माय जिंकली.