मिलोची भाकरी : १९७२ च्या दुष्काळातले परके ताट

आजचा धागा एका भाकरीविषयी आहे. ती पांढरी नव्हती, धड गोल नव्हती, आणि आमच्या घरात पहिल्या रात्री ती कोणाच्याही घशाखाली सहज उतरली नाही.

साल १९७२. सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यातल्या एका वाडीत माझी आजी त्याच वर्षी लग्न होऊन आली होती. त्या भागात नव्या सुनेची परीक्षा भाकरीवर होत असे. आजी नवव्या वर्षापासून भाकरी थापत होती, त्यामुळे त्या परीक्षेची तिला भीती नव्हती. पण पावसाने पाठ फिरवली, कणगीतली ज्वारी संपली, आणि एका संध्याकाळी माझे पणजोबा रेशनच्या दुकानातून धान्याची पिशवी घेऊन आले. पिशवीत लाल दाणे होते. दुकानदाराने सांगितले होते, "ज्वारीच हाय, पर अमेरिकेची. मिलो म्हंत्यात."

गिरणीतून पीठ आले, तेही लालसर. आजीने नेहमीसारखे काठवटीत पाणी घालून मळले आणि थापायला घेतले. पीठ हाताखाली पसरेना. कडा फाटू लागल्या. थापलेली भाकरी उचलताच तिचे दोन तुकडे झाले. दुसरी तव्यापर्यंत पोहोचली, पण पापुद्रा सुटलाच नाही. सासूबाईंनी तिला बाजूला सारून स्वतः काठवट पुढे ओढली, त्यांचीही मोडली. शेवटी ताटात वाढले गेले ते भाकरीचे तुकडे आणि वर मिरचीचा ठेचा.

पणजोबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "हे तिकडं डुकराला घालत्यात म्हनं." मग ते ताटावरून उठले. पोरांनी खाल्ले. बायका नेहमीप्रमाणे शेवटी बसल्या आणि उरले ते त्यांनी खाल्ले.

मी आजीला विचारले, चव कशी होती गं? इतिहासाच्या विद्यार्थिनीने विचारावा तसाच हा प्रश्न होता. ती म्हणाली, "चव कुनाला कळत हुती? भाकरी मोडली, त्येचीच लाज वाटत हुती."

त्या लाल दाण्याचा माग काढू लागले आणि पहिलाच धक्का वनस्पतिशास्त्राने दिला. मिलो आणि आपली ज्वारी या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत. पूर्व सुदानात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली होती, याचे पुरावे सापडले आहेत. तिथून एक शाखा सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात पोहोचली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली की आपण तिला आपलीच मानू लागलो. दुसऱ्या काही शाखा फार उशिरा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्या. त्यांपैकी मिलो तिथे रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे त्या रात्री काठवटीत आलेली ही परकी ज्वारी आपल्या मालदांडीची दूरची बहीणच होती.

मग एवढा फरक का पडावा? कारण दोघींना वाढवणारे हात वेगळे होते. आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बियाणे निवडताना भाकरीचाही विचार केला: दाणा पांढरा, मोत्यासारखा, आणि पिठाला विरी असलेला. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही रब्बीत पेरला जातो, तो उगाच नव्हे. अमेरिकेत निवड झाली ती यंत्राने कापणी करता यावी म्हणून बुटक्या ताटाची, आणि धान्य प्रामुख्याने गुरे, डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यासाठी. पणजोबांनी ऐकलेली बातमी खोटी नव्हती. फक्त तिची दुसरी बाजू त्यांना कोणी सांगितली नाही: आफ्रिकेत लाल ज्वारी माणसे शतकानुशतके खात आली आहेत. अन्न आणि चारा यांच्यातली रेघ दाण्यावर नसते, ती दाणा देणाऱ्याच्या नजरेत असते. आणि ती नजर पणजोबांना पिशवीतून नेमकी जाणवली असावी.

इथे एक सावधगिरी. घराघरांतल्या आठवणींत मिलो, "पीएल ४८०" आणि बहात्तरचा दुष्काळ यांची सरमिसळ झालेली असते. पीएल ४८० हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा. त्याखाली भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. १९६५ ते १९६७ या टंचाईच्या वर्षांत या करारांवर आपली मदार सर्वाधिक होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तेव्हा धान्य हप्त्याहप्त्याने, हात आखडून सोडत होते. मिलो त्या काळातही आली होती. १९७१ च्या अखेरीस मात्र भारताने ही सवलतीची आयात थांबवली. त्यामुळे बहात्तर-त्र्याहत्तरची मिलो त्या खात्यावर टाकता येत नाही. दोन वेगवेगळे दुष्काळ लोकस्मृतीने एकाच ताटात वाढले आहेत.

आणखी एक गैरसमज. पीएल ४८० चे बहुतांश धान्य फुकट नव्हते. आपण ते रुपयांत विकत घेत होतो. ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साचत गेले. त्यातल्या काही रकमेतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी करून अमेरिकी ग्रंथालयांना धाडली गेली. शिकागोच्या विद्यापीठात आज जुनी मराठी पुस्तके मिळतात, त्यामागे हा गव्हाचा पैसा आहे. (माझ्या प्रबंधाला लागणारे एक पुस्तक पुण्यात सापडले नाही, तिकडे सापडले. हसावे की रडावे, कळेना.)

पुन्हा वाडीत येऊ. त्या वर्षी अनेक तालुक्यांत सलग तिसऱ्यांदा पाऊस हुकला होता. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी, म्हणजे दर दहांतला एक जण. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, त्याची पायाभरणी याच खडीच्या ढिगांवर झाली. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चाची छायाचित्रे तरी निघाली. काठवटीपुढे बसलेल्या बाईचे छायाचित्र कोणी काढले नाही.

आजी कामावर खडी फोडायला जाई. तिथे सुकडी मिळे, भाजलेल्या पिठाची, कोरडी आणि गोडसर. तीही सगळ्यांना नवीनच होती. पण तिच्याबद्दल घरात कोणी तक्रार केली नाही. पदराच्या टोकात बांधून आणलेली सुकडी धाकट्या दिरांनी संपवायला वेळ लागत नसे. गोड चवीला कोणी परके म्हणत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, सुकडीला घरात आधीची जागाच नव्हती. ती कोणाला हुसकावून बसली नव्हती. मिलो मात्र थेट भाकरीच्या जागी आली होती आणि रोज तिच्याशी ताडून पाहिली जात होती.

दोनेक आठवड्यांत बायकांनी मिलोची नाडी ओळखली. शेजारच्या एका वृद्धेने सांगितले, गार पाण्यात नको, आधणात मळा. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. मालदांडीला ज्याची फारशी गरज पडत नसे, ते मिलोला रोज करावे लागले. मूठभर उडदाचे पीठ असेल तर तेही मिसळायचे. त्या वर्षी ते क्वचितच असे. ज्या दिवशी भाकरी होईचना, त्या दिवशी दाणे भरडून कण्या शिजवायच्या. अन्नखात्याच्या कागदांत मिलोची नोंद टनांत आहे. ती खाण्याजोगी कशी झाली, याची नोंद मला अजून तरी फक्त आजीच्या बोलण्यात मिळाली.

आणि पणजोबा? ते चौथ्या दिवशी जेवायला बसले. कोणी समजूत घातली नाही, त्यांनीही काही म्हटले नाही. दोन्ही वेळा मिलोच खाल्ली.

पाऊस आला, लाल दाणा गेला. पण तिचे गोत्र शिवारात राहिले. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीचा मातृवाण अमेरिकी होता. दुष्काळानंतरच्या वर्षांत खरिपाची अनेक राने "हायब्रीड"ने भरली. तिच्या भाकरीलाही म्हाताऱ्या माणसांनी नावे ठेवली, इतकी की अंगात दम नसलेल्या पोराला "हायब्रीड" म्हणण्याची रीत पडली. माझे वडील त्याच हायब्रीडवर वाढले. त्यांना त्या भाकरीत काही खटकत नाही.

तुमच्या घरी बहात्तर पाहिलेले कोणी असेल तर आज रात्री जेवताना विचारा: मिलोचे पीठ कशात मळत, त्यात काय मिसळत, आणि ताटावरून कोण उठले होते? उत्तर खाली लिहा, तालुक्याच्या नावासह. मी ती सगळी एका वहीत उतरवून घेते आहे.