शिकागो कब्ज : १०८ वर्षांची प्रतीक्षा

१/ १९०८ साली शिकागो कब्जने सलग दुसऱ्यांदा बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या विजेतेपदासाठी १०८ वर्षे जावी लागली.

२/ १९४५च्या अंतिम मालिकेत बिली सियानिस या मद्यालयाच्या मालकाला त्याच्या बोकडासह मैदानात मज्जाव झाला आणि त्याने संघाला शाप दिला, अशी आख्यायिका रूढ झाली. पराभवाला शापाचे कारण सापडले की निष्ठा टिकवणे सोपे जाते.

३/ एर्नी बँक्स या संघासाठी १९ हंगाम खेळला. ५१२ होमरन त्याच्या नावावर आहेत. अंतिम मालिकेतला सामना मात्र एकही नाही. जानेवारी २०१५मध्ये तो निवर्तला.

४/ नोव्हेंबर २०१६मध्ये क्लीव्हलँडविरुद्धचा सातवा सामना कब्जने दहाव्या डावात ८-७ असा जिंकला. त्या दिवसांत चाहत्यांनी रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहिली. त्यांतली कित्येक, विजय न पाहताच गेलेल्या आईवडिलांची आणि आजीआजोबांची होती.