मागच्या दोन बाकांची जीप

चवथ जवळ आली की पेडण्याला आमच्या आजोळी दरवर्षी एक वाद निघतो. चित्रशाळेतून गणपती कुठल्या गाडीतून आणायचा? खळ्यात दोन जीपा उभ्या असतात. एक 1990 सालची एमएम 540, मामांनी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. दुसरी 2022 च्या जानेवारीत आलेली नवी थार, मामेभावाच्या मुलाची. नव्या गाडीत एसी आहे, पाऊस आत येत नाही. तरी गणपती येतो तो जुन्या जीपमधूनच. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगिजांकडे आले आणि पुढची दीडशे वर्षं रस्त्यांच्या बाबतीत मागेच राहिले. सडा, घाटी, व्हाळ आणि पावसाळ्यात गुडघाभर लाल चिखल. बैलगाडी जिथवर जाईल तिथवर जायचं, पुढे चालायचं. डिचोलीत खाणी सुरू झाल्यावर हे बदललं. 1950 च्या दशकात जपानला लोहखनिज जाऊ लागलं आणि मुरगाव बंदरातून ट्रक, यंत्रं, जीपा उतरू लागल्या. डोंगरावर आधी जीप चढायची, मग तिच्या मागोमाग रस्ता.

माझे बाबा 1963 साली डिचोलीतल्या एका खाणीवर ड्रायव्हर म्हणून लागले. त्यांच्या हाती आलेली पहिली जीप पोर्तुगीज अमदानीत आलेली अमेरिकन विलीज होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला. रस्त्यावर मात्र गाड्या डावीकडूनच चालायच्या. पोर्तुगालने 1928 साली उजवीकडून चालायचा नियम केला, पण गोव्याला त्यातून वगळलं. तीन बाजूंना ब्रिटिश हिंदुस्थान; सीमेवर रोज बाजू कोण बदलणार? त्यामुळे समोरचा ट्रक ओलांडायचा तर बाबांना शेजारच्या माणसाला विचारावं लागे, ‘रस्तो मेकळो आसा मरे?’ शेजारचा डुलक्या काढत असला तर ट्रकच्या मागे धूळ खात जायचं.

मुक्तीनंतर परदेशी गाड्यांची आयात संपली आणि मुंबईची जीप आली. महिंद्रांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 2 ऑक्टोबर 1945 ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्याच सुमारास माझगावात विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली. पुढे आपल्याकडे दिसू लागली ती उंच बॉनेटची सीजे-3बी. इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, इतकं साधं कारण. बाबा तिला ‘कपाळाची जीप’ म्हणायचे. पंचायतीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळीकडे तीच. 1967 च्या जनमत कौलात मी जेमतेम पाच वर्षांचा होतो. मला आठवतो तो जीपवर बांधलेला कर्णा आणि ‘फूल’ की ‘दोन पानं’ यावरून मोठ्या माणसांची चाललेली भांडणं.

या सगळ्या जीपांची खरी खूण मागे असायची. समोरासमोर दोन बाकं. कागदावर माणसं किती ते आरटीओला माहीत, प्रत्यक्षात आठ-दहा सहज मावायची. मये ते शिरगाव लईराईच्या जत्रेला आम्ही असेच जायचो, गुडघ्याला गुडघा लावून. कुणी धोंड व्रताचा, त्याला शिवायचं नाही म्हणून तो एकटा पुढे, आणि बाकीचे सगळे मागे कोंबलेले.

मामांनी 540 घेतली ती 1991 मध्ये. प्युजोचं डिझेल इंजिन, गियरच्या बाजूला आणखी दोन दांडे, दार म्हणजे ताडपत्री. घर मोप्याच्या सड्याखाली. काजूच्या हंगामात बोंडू सड्यावरून भाटीपर्यंत आणायला दुसरं वाहन उपयोगाचं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये त्या जीपला जो वास यायचा, तो पुढे दिवाळीपर्यंत जात नसे.

1993 च्या एप्रिलमध्ये सड्यावर बोंडू वेचताना मामीला फुरसं चावलं. तेव्हा मोबाइल नव्हता, गावात फोन एक, तोही बंद. मामांनी जीप थेट काजूच्या झाडांतून वर घेतली. दोन बाकांच्या मधल्या जागेत पोती अंथरून मामीला आडवं केलं. एका बाकावर तिघे, दुसऱ्यावर तिघे. पाय हलू द्यायचा नाही म्हणून दोघांनी तो धरून ठेवला होता. मी दाराशी, लोखंडी दांड्याला लटकलेला. पेडण्याहून कोलवाळमार्गे म्हापशाचं आझिलो हॉस्पिटल गाठेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. मामी वाचली. त्यानंतर गावात रात्री-अपरात्री कुणाला काही झालं की आधी मामांच्या खळ्यात हाक यायची. बाळंतीण, माडावरून पडलेला पाडेली, दम लागलेले आजोबा. मामांनी डिझेलचे पैसे कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

मधल्या काळात चारही चाकं फिरणारी जुन्या बांध्याची जीप शोरूममधून हळूहळू दिसेनाशी झाली. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये महिंद्रांनी ‘थार’ आणली तेव्हा जीपवाल्यांना पुनर्जन्म झाल्यासारखं वाटलं. आत प्लास्टिक ओबडधोबड, पण सांगाडा ओळखीचा आणि मागे तीच दोन बाकं. मग सुरक्षेचे नवे नियम आले आणि 2019 मध्ये शेवटच्या 700 गाड्या काढून तीही बंद झाली.

म्हणून 15 ऑगस्ट 2020 ची दुपार मला नीट आठवते. लॉकडाऊनचे दिवस, चवथ आठवड्यावर. नवी थार दाखवणार म्हणून आम्ही सोप्यावर एका मोबाइलभोवती जमलो होतो. मामा नव्हते, दोन वर्षांपूर्वीच गेले. मामेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो), त्याचा मुलगा, गावचा मेस्त्री, साखळीहून आलेला माझा एक मित्र आणि आरामखुर्चीत मामी.

पोरगा उड्या मारत होता. पेट्रोल 150 अश्वशक्ती, डिझेल 130. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते. मागे कॉइल स्प्रिंग, म्हणजे कंबर वाचली. आत चिखल झाला तर पाईप मारून धुवायची, पाणी जायला खाली बुचं आहेत. आणि जोडली जाते आपल्या नाशिकला. नंतर 2 ऑक्टोबरला किंमत जाहीर झाली, 9 लाख 80 हजारांपासून पुढे. नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले. जीपला सुरक्षिततेचे तारे, हे बाबांना सांगितलं असतं तर ते हसले असते.

मेस्त्रीची शंका वेगळी होती. ‘जुनी जीप मी पान्हा नि हातोड्यावर उभी करतो. हिला कॉम्प्युटर लावायचा. सड्यावर बंद पडली तर मी काय आरती करू?’ साखळीचा मित्र म्हणाला, ही शहरातल्या पोरांची गाडी. खरी जीप हवी तर पुण्याच्या फोर्सची गुरखा परत येतेय ती बघा, पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना लॉक. 2014 पासून पावसाळ्यात आपल्याकडे रेनफॉरेस्ट चॅलेंज व्हायला लागलं, तिथे चिखलात त्याने गुरखा पाहिली होती, तेव्हापासून तो तिचा भक्त. दादाला काळजी पैशांची. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. त्याचे दोन ट्रक डिचोलीला गंज खात पडले होते. जुनी जीप विकली तर नवीची थोडी सोय होईल, असा त्याचा हिशेब.

मामी सगळं ऐकत होती. शेवटी तिने पोराला एकच विचारलं, ‘आनी मागे माणसाला आडवं कुठे करायचं?’

पोराकडे उत्तर नव्हतं. सुरुवातीला सहा जणांची, मागे आमनेसामने बाकं असलेली आवृत्ती होती खरी, पण ती काही महिन्यांतच बंद झाली. उरली ती चौघांची, सगळे पुढे तोंड करून. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये गुरखा आली, तिच्यातही सीटा चारच. कारण योग्य आहे. आडव्या बाकावरच्या माणसाला धडकेत काही आधार नसतो, त्या बाकांवर बसून माणसं मेलेली मीही पाहिली आहेत. पण मामीचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

गाडी शेवटी घेतली. बुकिंग करून बरेच महिने वाट पाहिली, तेव्हा कुठे मिळाली. जुनी विकायची ठरलं होतं, कोल्हापूरचा एक शौकीन बघूनही गेला. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, म्हणजे ठेवण्यात शहाणपण अजून कमी. सौदा पक्का करायच्या दिवशी दादा म्हणाला, ‘आईला विचारतो.’ मामी काही बोलली नाही, फक्त जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. कोल्हापूरवाल्याला चहा देऊन परत पाठवलं.

आज चार वर्षांनी त्या शंकांचा हिशेब मांडला तर असा निघतो. गाडी मऊ असेल, ही आमची भीती खोटी ठरली. जांभ्या दगडाच्या चढावर ती 540 पेक्षा सहज चढते, मी स्वतः बसून पाहिलंय. मेस्त्रीने स्कॅनर घेतला आणि आता तोच इतरांना नव्या गाड्यांबद्दल शिकवतो. खरी ठरली ती एक शंका, जी त्या दिवशी कुणी बोललंच नव्हतं. गाडी परत आली, पण तिने जायचं कुठे? मोप्याच्या ज्या सड्यावर मामांनी झाडांतून जीप घातली होती, तिथे 11 डिसेंबर 2022 ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं. काजूच्या जागी धावपट्टी. डिचोलीच्या खाणींना कुंपण, 2024 मध्ये एक पट्टा पुन्हा सुरू झाला, पण तिथे बाहेरच्या जीपला काय काम? वाड्यापर्यंत डांबर आलंय. मांद्रे-हरमलच्या बाजूला गेलं तर काळ्या पाटीच्या भाड्याच्या थारच थार, आणि आमच्या पोरालाच लोक विचारतात, ‘रेंटाची काय रे?’ त्याला राग येतो. मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

2023 मध्ये मागे फक्त दोन चाकं फिरणारी थार निघाली तेव्हा जुन्या जीपवाल्यांनी नाकं मुरडली. मला वाटतं, कंपनीने आपल्या आधी ओळखलं होतं की रस्ते बदललेत.

गेल्या पावसाळ्यात मामी गेली. पंच्याऐंशी पूर्ण झाली होती. पहाटे तीनला दम लागला. पोराने 108 ला फोन केला. गोव्यात ही सेवा 2008 पासून आहे. पाऊस कोसळत होता, पण अँब्युलन्स थेट खळ्यात आली. आत स्ट्रेचर, ऑक्सिजन, शिकलेला माणूस. मामीला नीट आडवं केलं. दोन्ही जीपा बाजूलाच उभ्या होत्या, अँब्युलन्सला वळायला जागा हवी म्हणून दादाने 540 थोडी मागे घेतली, इतकंच तिचं काम. हॉस्पिटलात दोन दिवसांनी ती शांतपणे गेली. 1993 साली अशी गाडी असती तर आमच्या सहा जणांच्या हातांची गरज पडली नसती. हे चांगलंच झालं, त्यात शंका नाही. जुन्या जीपचे गोडवे गाताना मी हे विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतोय.

यंदाच्या चवथीलाही गणपती 540 मधूनच आला. मधे मूर्ती, दोन्ही बाकांवर वाड्यावरची नऊ पोरं, हातात झांजा. नवी थार मागून दिवे लावून हळूहळू येत होती. घरी पोचलो तर पोराचा फोन वाजला. इब्रामपूरच्या बाजूला कुणाचा तरी माटोळीच्या सामानाचा टेंपो चिखलात रुतला होता. ‘तुझ्याकडे थार आहे ना, दोर घेऊन ये.’ अंगावरचं सोवळं न सोडता तो तसाच निघाला. दादा मला म्हणाला, ‘बाबांना पण असंच बोलवायचे.’

पोरगा तासाने चिखलाने माखून आला. आत पाईप मारून गाडी धुतली, बुचं काढून लाल पाणी खळ्यात सोडलं आणि मगच आरतीला उभा राहिला.