अक्षरांचीं घरें

छापखान्यांत खिळ्यांच्या पेटीला घरें असत. संगणकाच्या टंकासही तीं असतात, आणि कोणत्या घरांत कोणतें अक्षर हें एक कोष्टक ठरवितें. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७७ सालीं गणिती छपाईसाठीं ‘टेख’ ही जुळणीची पद्धति आरंभिली. तिच्या मूळ टंकांत घरें अवघीं १२८. फ्रेंच शब्दांतील स्वरचिन्ह अक्षरावर वेगळें बसवावें लागे, आणि असा शब्द ओळीअखेर यंत्रास नीट तोडतां येत नसे. १९९० सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथें २५६ घरांचें कोष्टक ठरलें. तेव्हां हीं अक्षरें अखंड नांदूं लागलीं. १९९१ सालीं ग्रोनिंगेन विद्यापीठांत फ्रान्स वेल्थुइस यांनीं देवनागरीचा टंक सिद्ध केला. ज्या लिपीला कोष्टकांत घर नाहीं, तिची विद्या परक्या अक्षरांच्या आश्रयानें राहते, असें आम्हांस वाटतें.