गाळातून उगवलेलं अभयारण्य

पावसाळ्यात बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके क्युसेक पाणी सोडलं. माझ्यासाठी हे नाव कित्येक वर्षं त्या आकड्यापुरतंच होतं. मागच्या डिसेंबरात एका पहाटे निफाड तालुक्यात तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलो, तेव्हा आकडा विसरलो. धुक्यात उथळ पाणी, मधे गवताची बेटं, आणि हळदी-कुंकू बदकांचे थवे. गाईड दादा हळूच म्हणाले, "फोन सायलेंटवर टाका." टाकला.

आता गंमत बघा. ही जागा पक्ष्यांसाठी कुणी बांधलीच नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळली होती. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश सरकारने हा बंधारा घातला. हेतू एकच, दोन्ही काठांच्या कालव्यांना पाणी देणं. वरच्या बाजूला दारणा धरण झालं आणि कोपरगावपर्यंतची शेती भिजू लागली.

पण नदी पाण्याबरोबर मातीही आणते. पूर आला की बंधाऱ्यामागे गाळ बसायचा. साठा घटला, म्हणजे इंजिनिअरच्या हिशेबात तोटाच. त्याच गाळातून मात्र बेटं आणि दलदल तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, मासे आले, त्यांच्यामागून चित्रबलाक आणि जांभळ्या पाणकोंबड्या. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

मी कोड लिहितो, त्यामुळे 'चुकून चांगलं झालं' हे वाक्य मला लगेच आवडतं. पण इथे ते पुरं पडत नाही. माझे आजोबा याच कालव्यावर शेती करायचे. आवर्तन कधी सुटणार, यावर आमच्या घरात कांद्याचं गणित ठरायचं. गाळ काढा, साठा वाढेल, असं तेही म्हणायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण गाळ सरसकट उपसला, तर बदकं बसतात ती बेटंही जातील. पाणी फार उतरलं तर दलदल सुकेल, फार चढलं तर उथळ जागाच राहणार नाही.

म्हणजे अभयारण्याची हद्द नकाशावर असली, तरी त्याचं आयुष्य बंधाऱ्याच्या दरवाजांवर ठरतं. पाणी कधी सोडायचं आणि किती ठेवायचं, या निर्णयात शेतकरी आहे, मराठवाडा आहे. तिथेच पक्ष्यांसाठीही एक ओळ हवी, असं मला वाटतं.

हिवाळ्यात जा. पहाटे जा, स्पीकर घरी ठेवून जा. आणि पुढच्या पावसाळ्यात ती क्युसेकची बातमी लागली की त्या गवताच्या बेटांची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!