बिनतारी आणि आकाशाची लहर

सन १९२७ च्या सप्टेंबर महिन्यांत हिंदुस्थान व विलायत यांच्यामध्यें बिनतारी संदेशांचा थेट व्यवहार सुरू झाला. पुण्याजवळील खडकीहून संदेश पाठविले जात आणि तिकडून येणारे दौंड येथें घेतले जात. बोलणारें केंद्र व ऐकणारें केंद्र मुद्दामच दूर ठेवलें होतें. कारण शेजारीं नगारा वाजत असतां दूरची कुजबूज ऐकूं येत नाहीं. विलायतेंतही ग्रिम्सबी व स्केग्नेस या गांवांजवळ अशींच दोन निरनिराळीं केंद्रें होतीं.

तारेचा मार्ग एकदां घातला म्हणजे ठरला. बिनतारीचा मार्ग आकाशांतून जातो, आणि आकाश घटकेघटकेला पालटतें. त्या पालटाशीं मनुष्यानें कसें जुळवून घेतलें, हाच या विद्येचा खरा इतिहास होय.

आरंभीं सर्व भिस्त बळावर होती. कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरी, गगनचुंबी मनोरे आणि अपार वीज! अशाच केंद्रांची साखळी साम्राज्यभर उभारण्याचा करार ब्रिटिश सरकारनें मार्कोनी कंपनीशीं १९१३ सालीं केला; पुढील वर्षीं महायुद्ध पेटलें व तो बारगळला. शिवाय उष्ण देशांत मेघांच्या विजेचा खरखराट दीर्घ लहरींवर फार. बळ वाढविलें तरी तो हटत नसे.

१९२३ व १९२४ सालच्या प्रयोगांत मार्कोनीला निराळीच वाट सांपडली. अवघ्या ३२ मीटरांची लहर थोडक्या विजेवर, तीही भर दिवसां, फार दूर पोंचते असें दिसून आलें. त्याचा सहकारी फ्रँकलिन यानें तारांची अशी रचना केली कीं, लहरी कंदिलाच्या झोताप्रमाणें एकाच दिशेस जाव्या. ऐकणाऱ्या तारांनाही त्याच दिशेचें अधिक ऐकूं येई. इतर दिशांचा गलबला आपोआप कमी होई.

तथापि आखूड लहर वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून परतते. केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ मध्यें तर्कानें सांगितलेला हा थर अ‍ॅपल्टननें १९२४ मध्यें प्रयोगानें सिद्ध केला. सूर्य त्यास चेतवितो, रात्र त्यास विरळ करते. म्हणून हिंदुस्थानच्या मार्गाला दोन लहरी दिल्या होत्या : दिवसाची सुमारे १६ मीटरांची, रात्रीची सुमारे ३४ मीटरांची. पण पुण्यास दिवेलागण होते तेव्हां विलायतेंत दुपार असते! अशा वेळीं कोणती लहर धरावी हें यंत्र चालविणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे. करारांतही दिवसाचे २४ तास मागितले नव्हते. हिंदुस्थानाशीं बारा तास, ऑस्ट्रेलियाशीं तर सातच तास पुरेसे मानले होते.

दुसरी अडचण आवाज ओसरण्याची. एकच लहर दोन वाटांनीं येते आणि कधीं कधीं आपली आपणच मारक होते. अमेरिकेंत बेव्हरेज व पीटरसन यांनीं पाहिलें कीं, आवाज एके ठिकाणीं बुडाला तरी कांहीं अंतरावर तो शाबूत असतो. म्हणून त्यांनीं दूरदूर उभारलेल्या अनेक तारांचें ऐकणें एकत्र केलें. पुढें हॉलंडच्या व्हान ड्यूरेननें प्रत्येक अक्षराला सात खुणा दिल्या व त्यांपैकीं नेमक्या तीनच एका जातीच्या ठेवल्या. मोजणी चुकली कीं, यंत्र स्वतःच म्हणे, “पुन्हा सांगा!”

जें काम पूर्वीं कान करी तें आतां यंत्र करतें. आज मनोऱ्यामनोऱ्यांमधील सूक्ष्म लहरींचे दुवे मुसळधार पावसांत आपला वेग आपणच कमी करतात आणि उघडीप होतांच वाढवितात. शाळेंतला समंजस शिक्षक वर्गांत गलका झाला म्हणजे सावकाश बोलतो, न कळलेलें पुन्हा सांगतो. ओरडून घसा फोडीत नाहीं. आकाशावर हुकूम चालत नाहीं, हें बिनतारीनें ओळखलें तेव्हांच तिचा शब्द सातासमुद्रांपलीकडे भरंवशानें पोंचूं लागला.